पापण्यांवरचा जांभळा रंग

आई,

तुझ्या पापण्यांवर शेवटच्या वर्षी जो रंग आला होता, तो मला दुसऱ्या एका बाईच्या चेहऱ्यावर दिसला, त्याला आता दोन वर्षं होत आली. ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते आणि माझ्या लग्नाचा विषय आपल्या घरात निघालाही नव्हता. मी त्यांना आत्याबाई म्हणते. कळवणच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे धाकटा दीर आणि जाऊ त्यांच्याबरोबर राहतात, शेती बघतात. आम्ही नाशकात. हे रोज सिन्नरला कारखान्यात जातात, मी शाळेत शिकवते. आत्याबाई स्वभावानं कडक. साठी उलटली तरी शेतातून येताना गवताचा भारा स्वतः डोक्यावर घ्यायच्या आणि दारात स्वतःच उतरवायच्या. मदतीला कुणी पुढे झालं तर त्यांना राग यायचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांना घाबरूनच होते, आणि नंतर घाबरणं गेलं तरी जवळीक काही झाली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी गेलो होतो. आमच्याकडे त्या सणाला पुरणाचे मांडे लागतात. चुलीवर उलटं खापर ठेवायचं, आणि त्यावर टाकण्याआधी मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरवत न्यायचा, पार कोपरापर्यंत. घरात हे काम आत्याबाईंचं, दुसऱ्या कुणाला त्या खापराजवळ फिरकू देत नसत. त्या वर्षी त्या ओसरीच्या कडेला बसलेल्या. "धुरानं डोळे चुरचुरतात," म्हणाल्या आणि जावेला पुढं बसवलं. पहिला मांडा फाटला, दुसराही फाटला, आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला विचित्र वाटलं. जेवणं झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घ्यायला लावलं आणि कंगवा माझ्या हातात दिला. "माझी वेणी घालून दे," म्हणाल्या. तोवर त्यांनी माझ्याकडून पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घेतला नव्हता. मी मागे बसून केस विंचरले. एक पेड धरायला हात मागे द्या म्हटलं. हात कानापर्यंत आला आणि तिथेच थरथरत थांबला. मग त्यांनी दुसऱ्या हातानं त्याच्या कोपराला खालून टेकू दिला. मी उठून त्यांच्या समोर गेले. खिडकीचा उजेड तोंडावर होता. दोन्ही पापण्या सुजलेल्या, आणि त्यांवर जांभूळ खाल्ल्यावर जिभेला चढतो तसा फिकट जांभळा रंग. बोटांच्या सांध्यांवर, बरोबर वरच्या बाजूला, लाल खरखरीत चट्टे.

"काय बघते गं?"

"हे कधीपासून आहे?"

"उन्हाचं हाय. कांदा काढला ना औंदा, त्याचं." असं म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतले.

तुझंही सगळ्यांनी धगीचंच म्हटलं होतं. सातपूरच्या त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आपण झोपायचो आणि मागच्या खोलीत तू कारखान्यातल्या माणसांचे डबे करायचीस. मला आता तू आठवतेस तेव्हा तू ओट्याशी उभी आहेस, दोन्ही शेगड्या पेटलेल्या आहेत, पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी आहे, आणि तू हात ओट्यावर टेकून नुसती श्वास घेते आहेस. आधी वरच्या फळीवरचे डाळींचे डबे खाली आले. मग मोठी परात गेली आणि तू कणीक थोडी थोडी भिजवायला लागलीस. मग एक दिवस माझी वेणी घालता घालता मध्येच सोडलीस आणि म्हणालीस, मोठी झालीस आता, तुझी तू घाल. मला ते खरं वाटलं, मी खूशही झाले. जमिनीवरून उठताना तू भिंतीला पाठ लावायचीस आणि सरकत सरकत वर यायचीस. एकदा मी हात पुढे केला तर फटकारलंस, "हात देऊ नको. आज दिलास की उद्या लागेल." त्या आवाजात एवढी भीती होती की मी परत हात पुढे केला नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गॅसच्या धगीची अ‍ॅलर्जी म्हणून मलम दिलं, रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, पाळी जायच्या वेळेला असंच होतं. पुढे पाणी पिताना तुला ठसका लागायला लागला, पाणी नाकातून यायला लागलं, तेव्हा बाबा तुला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरांनी तुझी बोटं खिडकीशी धरून पाहिली आणि कुणीतरी पहिल्यांदा त्या दुखण्याला नाव दिलं. शरीर आपल्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटतं, असा तो आजार. पण तोवर तुझ्या पोटात पाणी झालं होतं, अंडाशयातली गाठ पसरलेली होती. तू गेलीस त्या दिवशी व्हरांड्यात ते डॉक्टर बाबांना म्हणाले, "काही जणांच्या बाबतीत स्नायूंचं हे दुखणं आतल्या कॅन्सरमुळे सुरू होतं. कॅन्सरची लक्षणं दिसायच्या आधी हे दिसतं. तेव्हाच पोट तपासलं असतं तर कदाचित..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. बाबांनी मान हलवली. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. मला कळलं होतं. ते अर्धं वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. यांना एवढंच माहीत होतं की माझी आई पोटाच्या कॅन्सरनं गेली.

आखाजीच्या त्या संध्याकाळी मी यांना मळ्यात गाठलं आणि म्हटलं, आत्याबाईंना उद्या आपल्याबरोबर नाशिकला न्यायचं. हे म्हणाले, कळवणच्या डॉक्टरांनी मलम दिलंय, त्याचा गुण येऊ दे. मी म्हटलं, त्यांचा हात कानाच्या वर जात नाही. यांनी ते पाहिलंच नव्हतं. मुलांना दिसणार नाही अशा बेतानं वावरायचं हे तुम्हा दोघींना कुणी शिकवलं होतं, कोण जाणे.

नाशिकच्या डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी आत्याबाईंना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. आत्याबाई पुढे झुकल्या, मागे गेल्या, पुन्हा झुकल्या, आणि उठल्या नाहीत. मग रक्त घेतलं. स्नायू झिजल्यावर रक्तात जे वाढतं ते कितीतरी पटीनं वाढलेलं निघालं. मग एक तपासणी झाली, दंडात आणि मांडीत बारीक सुई टोचून स्नायूचा आवाज मशीनवर ऐकायची. खरखर यायला लागली तशा आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या दंडात रेडिओ लावला का काय?" तंत्रज्ञ मुलगी हसली. मला हसता येईना. शेवटी डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की औषधं आजपासून सुरू करू, स्नायू सुधारतील, पण याच्या मागे कुठे गाठ आहे का, ते शोधावं लागेल. "प्रत्येकात असतेच असं नाही. पण या वयात आपण शोधल्याशिवाय राहत नाही. आणि एकदा नाही दिसली तरी काही महिन्यांनी परत बघतो." हे म्हणाले, "म्हणजे कॅन्सर?" त्या म्हणाल्या, "असेल तर लवकर सापडावा म्हणून."

पहिल्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. छाती स्वच्छ, पोट स्वच्छ. यांनी गावी फोन लावला, दिरानं तिथे पेढे वाटले. आत्याबाई देवीला जाऊन आल्या, गडाच्या पायऱ्या चढवेनात म्हणून खालूनच हात जोडले. सगळ्यांचं ओझं उतरलं आणि माझं तसंच राहिलं. ते मी कसं सांगणार होते? औषधांनी चेहरा गोल झाला, साखर वाढली, झोप उडाली, पण हात थोडा वर जायला लागला. जाऊ फोनवर सांगायची, आज आत्याबाईंनी दोरीवरचे कपडे काढले. मी बरं म्हणायची आणि विचारायची, पोट फुगल्यासारखं वाटतं का त्यांना? जेवण कमी झालंय का? मग एक दिवस ती म्हणाली, "ताई, तुम्ही असं का विचारता सारखं? आम्हाला भ्या वाटतं." त्यानंतर मी विचारणं बंद केलं. त्या आमच्याकडे तपासणीला आल्या की मी चोरून त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांकडे बघायची.

पावसाळा संपता संपता त्या अशाच आल्या होत्या. आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. भाकरीचा घास त्यांनी कितीतरी वेळ तोंडात घोळवला, गिळला, आणि वर पाणी प्यायल्या. ठसका लागला. पाणी नाकातून आलं. चेहरा लाल, डोळे बाहेर, श्वास आत जाईना. यांनी पाठीवर थापट्या मारल्या, मी त्यांना पुढे वाकवून धरलं. घास सुटला. त्या भिंतीला टेकून धापा टाकत बसल्या. यानंतर काय येतं ते मी एकदा पाहिलेलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर बाई म्हणाल्या, औषध वाढवू, आणि स्कॅन आत्ताच परत करू, थांबायला नको. घरी आल्यावर वादाला तोंड फुटलं. दिराचा फोन आला, "वहिनी, एकदा नाय म्हणाले ना मशीनवाले. मग परत परत कशाला? म्हातारीला निस्तं हलवून मारायचं का?" हे मधल्यामध्ये. मला म्हणाले, "अगं, रिपोर्ट चांगला आलाय. त्यावर विश्वास ठेव ना जरा." आत्याबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेल्या होत्या. त्या रागावल्या की त्यांच्या माहेरची बोली बाहेर पडते. "माले काहीच व्हयेल नही. माले गावले धाडी दे." मग माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आला होता, तो ओरडण्यापेक्षा वाईट. "एक सांग. माझ्यात ते निघावं असं तुला वाटतं का? निघालं नाही तर तुझं समाधान व्हनार नाही. असं का गं? मी काय वाईट केलं तुझं?"

हे म्हणाले, "माय, असं काय बोलते?" त्यांनी यांना हातानं गप्प केलं. उत्तर माझ्याकडून हवं होतं.

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर खाली बसले. मग तुझं सांगितलं, आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. फळीवरून खाली आलेले डबे, अर्धवट सोडलेली वेणी, पापण्या, मलम, व्हरांड्यातलं ते अर्धं वाक्य. सांगताना मला रडू आलं नाही, आवाज मात्र परका झाला होता. हे दारात उभे राहून ऐकत होते, त्यांनाही हे नवंच होतं. माझं बोलून झालं. बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग आत्याबाईंनी विचारलं, "तुझी आई खालून उठायची कशी?"

"भिंतीला पाठ लावून. सरकत सरकत."

त्यांनी मान हलवली. "मी पण तसंच करते. कोनी नसलं म्हंजे." मग पदरानं तोंड पुसलं आणि यांना म्हणाल्या, "सकाळी मशीनवाल्याकडे किती वाजता जायचं, ते इचारून घे."

या वेळी गाठ निघाली. अंडाशयाशी, लहान, अजून जागच्या जागी. ऑपरेशन नाशिकलाच झालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना भीती वाटत होती ती कॅन्सरची नव्हती. भूल देऊन झोपवल्यावर छातीचे स्नायू परत श्वास घ्यायला उठतील की नाही, याची होती, कारण डॉक्टरांनी तसं होऊ शकतं म्हणून आम्हाला आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं. मला म्हणाल्या, "बाहेर तूच थांब. बाकीचे रडत बसतील." मी थांबले. दार उघडेपर्यंत मी एकदाही बसले नाही. घशातली नळी काढली आणि त्यांनी स्वतःचा श्वास स्वतः घेतला, असं नर्सनं येऊन सांगितलं तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिला तो सोडवून घ्यावा लागला.

त्यानंतर केमोची इंजेक्शनं. केस गेले, वेणीचा प्रश्नच मिटला असं त्याच म्हणाल्या. गाठ काढल्यावर पापण्यांचा रंग हळूहळू उतरला, पाणी नीट गिळता यायला लागलं. एक दिवस आमच्या हॉलमध्ये त्या खाली भाजी निवडत बसल्या होत्या. दाराची बेल वाजली तशा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दार उघडायला गेल्या. भिंत दोन हातांवर होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांना कळलंही नाही की आपण काय केलं.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मात्र नाही. त्या इंजेक्शनांनी तळपायांच्या नसा गेल्या. पायाखाली सारखी गोधडी अंथरल्यासारखं वाटतं म्हणतात. गावी गेल्यावर एकदा मळ्यातून घरी आल्या तर एका पायातली चप्पल वाटेतच राहिलेली, टाचेत बाभळीचा काटा रुतलेला, ओसरीभर रक्ताचे ठसे, आणि त्यांना पत्ताच नाही. जावेनं घाबरून मला फोन केला. डॉक्टर बाई म्हणाल्या, नसा भरून यायला फार वेळ लागतो, काही वेळा पूर्ण भरत नाहीत, रोज पाय तपासा, अनवाणी चालू देऊ नका. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "दवाखान्यानं हात परत दिले, पाय ठेवून घेतले." रोज संध्याकाळी जाऊ त्यांचे तळवे बघते. आता हात पुढे केला तर त्या रागवत नाहीत. पायऱ्यांवर त्या माझं मनगट धरतात, घट्ट, कारण पायरी लागली की नाही हे त्यांना हातानंच कळतं. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. कालचा चांगला आला. पुढचा कसा येईल ते कुणालाच माहीत नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, तुझ्या आईला काय आवडायचं? मला चटकन सांगता आलं नाही. तू दुसऱ्यांचे डबे भरायचीस, स्वतः काय आवडीनं खायचीस ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, कडक चहा. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते जी आत्याबाईंना सांगितलेली नाही, यांनाही नाही. दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि आत आम्ही दोघं. डॉक्टर बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथे आहे. हे खुर्चीत खचले, त्यांनी तोंड हातांत धरलं. ती लहान आहे, काढता येईल, हे डॉक्टर बाईंनी अजून सांगितलंही नव्हतं. त्याच्या आधीच मला आनंद झाला. खरा आनंद, अंगभर. माझा नवरा शेजारी रडत होता आणि माझ्या मनात एकच शब्द होता, सापडली. त्या क्षणी मला बाकावरच्या आत्याबाई आठवल्या नाहीत, आई. तू आठवलीस.